एका गाण्याचा सातबारा

दोन रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐका. पहिलं १९७४ सालचं, डॉली पार्टनचं. तीन मिनिटांच्या आत संपतं. बेताचीच वाद्यं, आणि निघालेली बाई उंबऱ्यात क्षणभर थांबून बोलते तसं गाणं. शेवटचं कडवं तर ती गातही नाही, नुसतं बोलते. दुसरं १९९२ सालचं, व्हिटनी ह्यूस्टनचं, साडेचार मिनिटांचं. सुरुवातीला जवळपास पाऊण मिनिट एकही वाद्य नाही, फक्त गळा. मग हळूहळू वाद्यं, मग सॅक्सोफोन, मग सगळं एकदम गप्प. ड्रमवर एक दणका बसतो आणि पेटीच्या भाषेत सांगायचं तर पट्टी पांढरी सहावरून पांढरी सातवर चढते. तो दणका ऐकून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

चाल तीच, शब्द तेच, नावही तेच: 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. आपल्याकडे मात्र ते सरसकट व्हिटनीचं गाणं म्हणून ओळखलं जातं, आणि प्रेमगीत म्हणून. मध्यंतरी पुण्यात एका रिसेप्शनला सॅक्सोफोनवाल्याने हेच गाणं लावून धरलं होतं. स्टेजवर नवरा-नवरी पाकिटं घेतायत, रांग पनीर टिक्क्याच्या काउंटरपर्यंत गेलीय, आणि पार्श्वसंगीत कशाचं, तर 'मी राहिले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून जाते' असं सांगणाऱ्या गाण्याचं. पाकिटं घेण्याच्या गडबडीत शब्दांकडे कोण लक्ष देतो म्हणा.

तर हे गाणं कोणाचं? लिहिणारीचं की गाजवणारीचं? भावनेच्या पातळीवर ज्याने त्याने ठरवावं. कायदा आणि पैसा मात्र याचं उत्तर अगदी रोखठोक देतात, आणि ते समजायला आपला सातबारा फार कामाला येतो. गाव नमुना सातवर जमीन कोणाच्या नावावर ते असतं, नमुना बारावर त्या जमिनीत यंदा काय पिकलं ते. गाण्याचंही तसंच. शब्द आणि चाल मिळून जे होतं ती जमीन. त्या गाण्याचं एखाद्या गळ्यातलं रेकॉर्डिंग म्हणजे पीक. जमीन एकच, पिकं कितीही. आणि ज्याचं पीक त्याचीच जमीन असेल असं मुळीच नाही. कव्हर व्हर्जन म्हणजे दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत खंड भरून घेतलेलं आपलं पीक.

आता जमीन कशी कसली गेली ते.

डॉली पार्टन टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या सेव्हिअर काउंटीची. जन्म १९४६ चा, बारा भावंडं, वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९६४ साली हायस्कूल संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने नॅशव्हिल गाठलं. नॅशव्हिल हे कंट्री संगीताचं, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाच्या गाण्यांचं गाव, आणि तिथला धंदा गीतकारांवर चालतो. लिहिणारा एक, गाणारा दुसरा, हे तिथे रोजचं. विली नेल्सनने लिहिलेलं 'क्रेझी' १९६१ साली पॅट्सी क्लाइनने गाजवलं. क्रिस क्रिस्टॉफरसनचं 'मी अँड बॉबी मगी' आधी रॉजर मिलरने गायलं, मग जॅनिस जॉप्लिनने. तिचं रेकॉर्डिंग बाहेर येऊन १९७१ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं तेव्हा ती हयात नव्हती. गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणं यात तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट, जितके जास्त लोक गातील तितकं लिहिणाऱ्याचं घर चालतं. हे डॉलीला फार लवकर कळलं होतं. विशीतच, मामा बिल ओवेन्स यांच्याबरोबर तिने स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली. गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा व्यवहार हाच, आणि तो झाला तेव्हा ती कोणालाच माहीत नव्हती.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनर या बड्या गायकाने तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. चमचमणारे सूट, सोनेरी केसांचा तुरा, आणि स्वभाव मालकाचा. त्याने तिला घराघरांत पोचवलं, यात वाद नाही. पण पाच-सहा वर्षं झाली, डॉलीला स्वतःचं काही करायचं होतं आणि पोर्टर ऐकून घेईना. रोजची वादावादी. शेवटी बोलून उपयोग नाही म्हटल्यावर तिने गाणं लिहिलं आणि सकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला ऐकवलं. हे गाणं आणि तिचं दुसरं गाजलेलं गाणं 'जोलीन' बहुधा एकाच दिवशी सुचली, असं तीच सांगते. पोर्टर रडला. तुझ्या सगळ्या गाण्यांत हे चांगलं आहे, जा, पण हे रेकॉर्ड मी करणार, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.

म्हणजे हे नवरा-बायकोचं गाणं नाहीच. नोकरी सोडताना साहेबाला दिलेला राजीनामा आहे तो.

(साहेबाचा राग पुरता गेला नव्हता. काही वर्षांनी त्याने तिच्यावर दावा ठोकला, तो कोर्टाबाहेर मिटला. मग २००७ मध्ये त्याच्या कारकिर्दीच्या सन्मानाच्या कार्यक्रमात, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत, डॉलीने त्याच्यासमोर हेच गाणं म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला.)

जून १९७३ मध्ये नॅशव्हिलला आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड झालं, १९७४ मध्ये बाजारात आलं आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पीक चांगलं आलं. आणि मग गिऱ्हाईक आलं, तेही कोण, तर एल्विस प्रेस्ली.

एल्विसला गाणं आवडलं होतं, रेकॉर्डिंगची वेळ ठरली होती, डॉलीने आनंदाने सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. आदल्या रात्री एल्विसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला. एल्विसने गायचं तर पब्लिशिंगचा अर्धा हिस्सा आम्हाला द्यावा लागेल.

इथे थांबून हिशेब समजून घेऊ. गाण्याच्या जमिनीतून येणारा पैसा रुढीने दोन भागांत वाटतात. रुपयातले आठ आणे गीतकार-संगीतकाराचे, आठ आणे पब्लिशरचे. पब्लिशर म्हणजे एके काळी नोटेशनची पुस्तकं छापणारा. आता तो परवाने देतो, वसुली करतो, गाणं खपवतो. बहुतेक गीतकारांना हे दुसरे आठ आणे कोणा कंपनीला द्यावेच लागतात. डॉलीचं तसं नव्हतं. पब्लिशर तीच असल्यामुळे ते आठ आणेही घरातच राहत होते. पार्कर त्यातले निम्मे, म्हणजे पूर्ण रुपयातले चार आणे मागत होता, आणि तेही एका रेकॉर्डपुरते नाहीत, कायमचे. पुढे ज्याने ज्याने हे गाणं गायलं असतं त्या प्रत्येकाच्या खंडातले चार आणे एल्विसच्या दारात गेले असते.

डॉलीने नकार दिला. ती रात्रभर रडली असं तिने पुष्कळदा सांगितलंय. लोकांनी वेड्यात काढलं, कारण एल्विस नाही म्हणतो असं व्हायचं, एल्विसला कोणी नाही म्हणालेलं ऐकिवात नव्हतं.

गंमत अशी की एल्विसला हे गाणं गायला डॉलीची परवानगी लागतच नव्हती. हे वाक्य चुकून आलेलं नाही.

त्यासाठी पार १९०८ मध्ये जावं लागतं. तेव्हा अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो आले होते. कागदाच्या गुंडाळीवर भोकं पाडलेली, गुंडाळी फिरली की पट्ट्या आपोआप दबतात. गाणी रचणारे म्हणाले, आमच्या गाण्यांच्या गुंडाळ्या विकता, तर पैसे द्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही भोकं माणसाला वाचता येत नाहीत, त्यामुळे ही काही गाण्याची प्रत नव्हे. आज हसू येतं, पण कायद्यात तेव्हा तेवढंच लिहिलेलं होतं. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, संसदेने कायदा बदलला आणि रचणाऱ्याला हक्क दिला. पण एक मोठी पियानो कंपनी सगळे हक्क आधीच गोळा करत सुटली होती. सगळी गाणी एकाच गोदामात जाऊ नयेत म्हणून संसदेने पाचर मारली: पहिलं रेकॉर्डिंग मालकाच्या मर्जीने. एकदा ते झालं की पुढे कोणीही नोटीस देऊन, ठरलेला दर भरून तेच गाणं रेकॉर्ड करू शकेल, मालकाला नाही म्हणता येणार नाही. दर होता प्रतीमागे दोन सेंट. तो जवळजवळ सत्तर वर्षं, १९७८ पर्यंत, दोन सेंटच राहिला. आपल्या कूळकायद्याची आठवण यावी असा प्रकार: खंड ठरलेला, आणि कुळाला हुसकता येत नाही.

तेव्हा एल्विस प्रतीमागे दोन सेंट भरून खुशाल गाऊ शकला असता. पार्करचा जोर कायद्याचा नव्हताच, बाजाराचा होता. एल्विसने गायलं की लाखोंनी खपतं, तर त्याची पट्टी आधीच वसूल करून घ्यायची, हा त्याचा शिरस्ता. आणि बहुतेक जण देत.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, लिंडा रॉनस्टॅटने आपल्या अल्बमसाठी हे गाणं गायलं. हे कव्हर फार गाजलं नाही, पण गोष्टीचा सांधा तिथे आहे. तिने शेवटचं, बोललं जाणारं कडवं गाळलं. १९८२ मध्ये डॉलीने स्वतःच एका सिनेमासाठी गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं आणि ते कंट्रीच्या यादीत पुन्हा पहिलं आलं. जमीन तीच, कसणारी तीच, दुबार पीक.

मग 'द बॉडीगार्ड', व्हिटनी नायिका असलेला सिनेमा. त्यासाठी आधी 'व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड' हे जुनं गाणं ठरलं होतं. नेमकं ते दुसऱ्या एका सिनेमात येऊन गेलं. धावपळ सुरू झाली आणि नायक केव्हिन कॉस्टनरने डॉलीचं गाणं सुचवलं, तेही रॉनस्टॅटच्या गळ्यातलं. निर्माता-संगीतकार डेव्हिड फॉस्टर त्याच रेकॉर्डवरून बांधणी करत होता. डॉलीशी बोलताना तिच्या लक्षात आलं की याला तिसरं कडवं ठाऊकच नाही. तिने ते त्याला दिलं. नाहीतर व्हिटनीच्या गाण्यात 'तुला आयुष्यात सगळं चांगलं मिळो' हा आशीर्वाद आलाच नसता, आणि त्या दणक्यानंतर काय गायचं हा प्रश्नच होता. सुरुवात बिनवाद्यांची ठेवायची हा आग्रहही कॉस्टनरचा. रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना वाटत होतं, असं गाणं रेडिओवाले लावणार नाहीत.

सिनेमात हे गाणं दोनदा आहे, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. नायक-नायिका एका साध्याशा बारमध्ये नाचतात तेव्हा मागे ज्यूकबॉक्सवर वाजतं ते हेच, जॉन डो या गायकाच्या आवाजातलं कंट्री वळणाचं, आणि नायिका त्याच्या रडवेपणाला हसते. शेवटी तेच गाणं ती स्वतः गाते. एकाच सिनेमात एकाच जमिनीची दोन पिकं, आणि त्यांच्यातला फरक हीच गोष्ट. मला ही त्या सिनेमातली सगळ्यात हुशार जागा वाटते.

डॉलीने परवानगी दिली आणि ती विसरून गेली. एक दिवस गाडी चालवताना रेडिओवर वाद्यांशिवाय कोणीतरी काहीतरी म्हणतंय असं वाटलं, आणि मुखडा आल्यावर कळलं की हे तर आपलंच. गाडी बाजूला घ्यावी लागली. पुढे ते गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तोवरचा तो उच्चांक होता.

आता खंड किती आला ते पाहू. १९९२ मध्ये प्रतीमागचा कायदेशीर दर ६.२५ सेंट होता. साउंडट्रॅकचा अल्बम एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाखांहून जास्त खपला. अल्बम विकला की त्यातल्या प्रत्येक गाण्याचा दर वेगळा मोजतात. या हिशेबाने फक्त या एका गाण्याचे, फक्त अमेरिकेतल्या अल्बमचे, साधारण साडेदहा लाख डॉलर होतात. कंपन्या घासाघीस करून दर थोडा पाडतात, ते सोडून देऊ. यात सिंगल, म्हणजे हे गाणं सुटं विकलं गेलं ते, नाही, बाकीचं जग नाही, आणि सिनेमाही नाही. चित्रासोबत गाणं वापरायचं तर तो ठरलेला दर चालत नाही. तिथे मालकाची परवानगी लागतेच, आणि भाव तोंडाला येईल तो. कुळाचा हक्क नुसत्या आवाजापुरता.

पण खरी मेख रेडिओत आहे. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं लागलं की गीतकार आणि पब्लिशरला पैसे मिळतात. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला मिळत नाहीत. आजही नाहीत. रेडिओमुळे तुमची जाहिरात होते, तेवढी बस, हा तिथल्या स्टेशनवाल्यांचा युक्तिवाद. म्हणजे १९९२ च्या त्या हिवाळ्यात देशभर ज्या ज्या एफएमवर व्हिटनीचा गळा घुमला, त्या त्या वेळी नाणं पडलं डॉलीच्या गल्ल्यात. लिहिणाऱ्याचे आठ आणे आणि पब्लिशरचेही. एल्विसला ते चार आणे दिले असते तर त्यातलाही वाटा गेला असता. एल्विस जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

हीच दोन खाती ग्रॅमी पुरस्कारांतही वेगळी आहेत. 'रेकॉर्ड ऑफ द इयर' गायक आणि निर्मात्याला, 'साँग ऑफ द इयर' लिहिणाऱ्याला. १९९४ च्या समारंभात पहिला व्हिटनी आणि फॉस्टर यांना मिळाला. दुसऱ्यासाठी गाणं नवीन असावं लागतं, त्यामुळे वीस वर्षांची जुनी जमीन तिथे बसत नव्हती. दरवर्षी हे दोन पुरस्कार जाहीर झाले की कोणीतरी विचारतंच, यात फरक काय. फरक सात आणि बारातला.

कव्हर करताना गाणं किती बदलता येतं? अमेरिकी कायदा म्हणतो, आपल्या शैलीप्रमाणे बसवून घ्या, पण मूळ चाल आणि गाण्याचा गाभा बदलू नका. तालाचं वजन, वाद्यं, पट्टी, ताना, सगळं चालतं. व्हिटनीचं गाणं डॉलीच्या गाण्यापासून कितीही दूर वाटलं तरी कायद्याच्या नजरेत ते कव्हरच. शब्द फिरवायचे तर मात्र मालकाकडे जावं लागतं. २०२४ मध्ये बियॉन्सेने 'जोलीन' गायलं ते शब्द चांगलेच बदलून. मूळ गाण्यातली बाई विनवते, हिची धमकी देते. परवानगी देणारी मालकीण पुन्हा डॉलीच.

आपल्याकडेही हा प्रकार आहे, फक्त नाव वेगळं होतं: व्हर्जन रेकॉर्डिंग. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी निघाल्या, जुनी फिल्मी गाणी नव्या गळ्यांतून, आणि कव्हरवर मूळ सिनेमाचं नाव ठसठशीत, नव्या गायकाचं बारीक. घरी आणून लावल्यावर कळायचं की ही लता नव्हे. आमच्या घरी अशी एक कॅसेट होती. वडिलांनी ती कपाटाच्या तळाशी टाकली आणि पुन्हा कधी लावली नाही, पण फेकलीही नाही, पैसे मोजले होते ना. तेव्हा मूळ रेकॉर्डनंतर दोन वर्षांनी असं करता यायचं. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची झाली, दर वर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरणं आलं, आणि वेष्टनावर हे कव्हर आहे असं छापणं, जुन्या गायकाचं नाव किंवा चित्र न वापरणं सक्तीचं झालं. त्या कलमाची भाषा वाचताना मला आमची ती कॅसेटच डोळ्यांसमोर येते.

मोठा फरक जमिनीच्या मालकीचा होता. आपल्या सिनेमात गीतकार-संगीतकार गाणं लिहून निर्मात्याच्या हवाली करत, आणि सातबारा त्याच्या नावे होई. १९७७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानेही पारडं निर्मात्याकडेच झुकलं. गाणं तीस वर्षं रोज सकाळी रेडिओवर वाजो, लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी मिळालं तेच. २०१२ मध्ये, जावेद अख्तर राज्यसभेत असताना आणि त्यांनी हा विषय लावून धरल्यावर, रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणारच नाही अशी तरतूद झाली. सही घेतली तरी तो वाटा जात नाही. डॉलीने जे एका रात्री रडून राखलं ते इथे कायद्याला लिहून ठेवावं लागलं.

यूट्यूबवर स्वतः कव्हर टाकणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे गाण्याची जमीन आणि रेकॉर्डिंगचं पीक वेगवेगळं तपासलं जातं. गळा आपला असला आणि मागचा ट्रॅक दुसऱ्याने बनवलेला उचलला, तर दोन ठिकाणांहून दावा येऊ शकतो. पेटी घेऊन स्वतः वाजवलं तर निदान एकच.

व्हिटनी २०१२ च्या फेब्रुवारीत गेली. चर्चमधून शवपेटी बाहेर नेताना तिचं हेच रेकॉर्डिंग लावलं होतं. या गाण्यासाठी मात्र ती जागा अगदी योग्य होती. मूळ राजीनामा कशाचा होता हे तिथे कोणाला आठवायची गरज नव्हती.

दोन्ही पिकांचं, म्हणजे डॉलीच्या १९७३ च्या आणि व्हिटनीच्या १९९२ च्या रेकॉर्डिंगचं कोठार आज एकच आहे. डॉलीची आरसीए आणि व्हिटनीची अरिस्टा ही दोन्ही लेबलं फिरत फिरत सोनीकडे आली. जमीन मात्र डॉलीच्या नावे होती, आणि तिने त्या पैशातून खरीखुरी जमीनही घेतली. नॅशव्हिलच्या त्या वेळच्या कृष्णवर्णीय वस्तीतली दुकानांची एक अख्खी ओळ, आपल्या ऑफिससाठी. २०२१ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत व्हिटनीच्या गाण्याच्या पैशाचं काय केलं असं विचारल्यावर तिने ही जागा सांगितली. तिला ती व्हिटनीने बांधलेलं घर म्हणते.